सहावा रकाना

१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार

लॅबमध्ये कंट्रोलच्या, म्हणजे यंत्र बरोबर चालतं का ते तपासायच्या, नोंदींसाठी दोन वह्या मागवल्या होत्या, एक उरली. तिच्यात हे लिहिते आहे. घरी आम्ही आमची हिंदी आणि इथली मराठी मिसळून बोलतो. लिहिता मला मराठीच नीट येतं.

आज एकोणतिसावा दिवस. माझा थोरला भाऊ सिकंदरभाई १५ जुलैला दुपारी गेला. कावीळ. वय एकोणतीस, टेम्पो चालवायचा. त्याचं शेवटचं रक्त १३ तारखेला मीच काढलं आणि मीच यंत्राला लावलं. सॅम्पल नंबर ११७. बिलीरुबिन ३१.४ आलं, असायला हवं एकपर्यंत. यंत्र तपासून पुन्हा लावलं, ३१.२. तिसऱ्यांदा ३१.४. यंत्र बरोबर होतं.

राजारामपुरीतल्या आमच्या लॅबमध्ये माझ्याबरोबर ललिता काम करते. डबा खाताना तिने विचारलं, तुझी वहिनी दिसत नाही कुठे. तिला इद्दत समजावून सांगितली. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस त्याच्या घरात राहायचं. कपडे साधे. दागिना, अत्तर, मेंदी नाही. बाहेर पडायचं नाही. त्या मुदतीत तिला कुणी लग्नाचं विचारायचंही नाही. ललिता म्हणाली, "चार महिने दहा दिवसच का? पाच का न्हाईत?" मला सांगता आलं नाही. चोवीस वर्षांत हा प्रश्न मी कुणाला विचारला नव्हता, याचा घरी येईपर्यंत राग येत राहिला.

अम्माने भिंतीवरच्या कॅलेंडरवर २५ नोव्हेंबरभोवती लाल पेन्सिलीने गोल काढला आहे. १५ जुलैपासून चार महिने, वर दहा दिवस. रोज सकाळी ती सात बदाम सोलून वाटीत घालून शबनूरभाभीला देते. मला आणि सिकंदरभाईला या घरात बदाम फक्त खिरीत मिळाले.

१९ ऑगस्ट

माझा जुना सुती दुपट्टा सापडत नाही. तीनदा शोधला. भाभीला विचारलं, तिने नुसती मान हलवली.

लॅबच्या फ्रीजमधली जुनी सॅम्पल्स आज काढून टाकली. नियम सात दिवसांचा आहे. ११७ का ठेवलंस, असं ललिताने विचारलं. जास्त बिलीरुबिनचा कंट्रोल म्हणून ठेवलं, असं सांगितलं.

२८ ऑगस्ट

या महिन्यात मी सहा दिवस नमाजला बसले नाही. पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ असते. भाभीची मात्र जुलैपासून एकही चुकलेली नाही. अम्मा हे बघते. बघितल्यावर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं आणि दुसऱ्या दिवशीचे बदाम ती मोठे निवडून घेते. अम्मा काय समजते आहे ते उघड आहे. मलाही तसंच दिसतं. पण दिसणं म्हणजे पुरावा होत नाही.

३ सप्टेंबर, शुक्रवार

भाभीला पत्र आलं. एका संस्थेच्या उर्दू शाळेत प्राथमिक शिक्षिका म्हणून नेमणूक. दिवाळीची सुट्टी संपल्यावर, दुसऱ्या सत्राच्या पहिल्या दिवशी, सोमवार २२ नोव्हेंबरला हजर व्हायचं. न झाल्यास यादीतल्या पुढच्या बाईला बोलावतील.

भाभीने लग्नाआधी डी.एड. केलं आहे. हा अर्ज सिकंदरभाईने गेल्या वर्षी भरला होता. पाकिटावर पत्ता त्याच्या नावाने आहे. भाभीने पाकीट उलटंसुलटं करून बघितलं आणि पत्र न काढता माझ्याकडे दिलं.

२२ आणि २५. तीन दिवस कमी पडतात.

४ सप्टेंबर

संस्थेच्या सचिवांना भेटले. सभ्य गृहस्थ. म्हणाले, दुःखाची गोष्ट आहे, पण पहिली घंटा झाली की वर्गात बाई हवी, यादीत मागे अकरा जणी आहेत. मी तीन दिवसांची रजा मागितली. हजर न झालेल्या माणसाला रजा कशी देणार, असं त्यांनी विचारलं. मुद्दा बरोबर होता.

६ सप्टेंबर

गल्लीच्या तोंडाशी हाफिजसाहेबांचं पुस्तकं बांधायचं दुकान आहे. सकाळी मशिदीत मुलांना शिकवतात, मग दिवसभर खळ आणि पुठ्ठे. ललिताचा प्रश्न त्यांना विचारला. त्यांनी हात पुसले. मला आधी एक उजळणी करायला लावली.

शरियतचे हुकूम कशासाठी आहेत? बुजुर्गांनी शोधून पाच हेतू काढले. दीन, म्हणजे श्रद्धा. जान. अक्ल. नस्ल, म्हणजे वंश. माल. प्रत्येक हुकूम या पाचांपैकी कशाला तरी राखतो. दारूची मनाई अक्ल राखते. आजाऱ्याला रोजा माफ, ती सूट जान राखते. मी विचारलं, इद्दत? ते म्हणाले, नस्ल. पोटात मूल असलं तर त्याचा बाप कोण, यात संशय राहू नये.

मी सांगितलं की पूर्वी गरोदरपण बघायला बाईची लघवी बेडकाला टोचायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायचे. आता तीन मिनिटांत पट्टीवर रेघ येते. बेडूक गेला, तपासणी राहिली. हेतू तोच, पद्धत बदलली.

"बेडूक," हाफिजसाहेब म्हणाले आणि खूप वेळ हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "बेटी, विचार चांगला आहे. घाई करू नको."

घाई मी करत नाही. तारीख करते.

८ सप्टेंबर, बुधवार. छप्पन्नावा दिवस

भाभीला चक्कर येते. हिमोग्लोबिनसाठी घरीच रक्त काढून नेलं. ८.२. लोहाच्या गोळ्या सुरू कराव्यात.

उरलेल्या रक्तावर गरोदरपणाची पट्टीही लावली. तिला विचारलं नव्हतं. एक रेघ. म्हणजे नाही. दुसरी पट्टी लावली. एक रेघ.

पाळी थांबण्याचं कारण मग अशक्तपणा आणि धक्का. असं होतं, पाहिलेलं आहे. निष्कर्ष स्वच्छ आहे: इद्दत ज्यासाठी, ते छप्पन्नाव्या दिवशी कळलेलं आहे.

१५ सप्टेंबर

आज बोलले.

अम्मा चुलीपाशी बदाम सोलत होती. भाभी आतल्या दारात. पत्राचं निघालं तेव्हा अम्मा म्हणाली, तारीख पंचवीस हाय, बावीसला कशी जाईल ती. मी हाफिजसाहेबांचे पाच हेतू सांगितले. ती ऐकत होती. मग मी म्हणाले की हे दिवस पोटात मूल आहे का ते कळायला आहेत, आणि ते मी तपासलं आहे. नाही.

"कवा तपासलंस?"

"आठवडा झाला."

"तिला इचारलंस?"

अम्मा भाभीकडे बघत होती. भाभी जमिनीकडे. वाटीत चार सोललेले बदाम होते, अम्माच्या मुठीत तीन सालीसकट. तिने मूठ उघडून ते परत डब्यात टाकले, भिजलेले, कोरड्यांमध्ये.

"लई शिकलीस," एवढंच म्हणाली.

माझं मोजमाप चुकलेलं नाही. मी ते पुन्हा तपासलं आहे.

१६ सप्टेंबर

बदाम नाहीत.

२१ सप्टेंबर

अम्मा दुपारी झोपून राहते. पूर्वी कधी झोपत नसे. भाभी माझ्याशी गरजेपुरतं बोलते. आज दुपारच्या नमाजला ती बसली नाही, अम्माच्या समोरच बसली नाही. अम्माने बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं. म्हणजे पाळी परत आली. गोळ्यांचा परिणाम दोन आठवड्यांत एवढा दिसायला नको. नोंद करून ठेवते.

२ ऑक्टोबर

लॅबला सुट्टी. हाफिजसाहेबांच्या दुकानात तासभर बसले. त्यांनी मला प्रश्न विचारला. सत्तर वर्षांची बाई विधवा झाली तर तिला किती दिवस?

तेवढेच.

आणि निकाह झाला, पण सासरी पाऊलही टाकलं नाही, अशी मुलगी?

तेवढेच.

"मग तुझा बेडूक तिथे काय करतो?" ते म्हणाले. एका हुकुमाला एकच हेतू असतो, असं त्यांनी सांगितलंच नव्हतं. मी धरून चालले. नस्ल हा एक हेतू. दुसरे असतील. मी विचारलं, कुठले. म्हणाले, गेलेल्याचा मान, दुःखाला जागा, असं लोक लिहितात. मला ते सैल वाटलं. मी म्हणाले, तुमच्या पाच रकान्यांत हे बसत नाही. त्यावर ते म्हणाले, काही बुजुर्गांनी सहावाही धरला आहे, इज्जत. सगळ्यांना तो मान्य नाही. आताचे काही जण तर आणखी वाढवा म्हणतात.

"पाच मोजणारी माणसंच होती," ते पुठ्ठा कापत म्हणाले. "म्हणून पुन्हा मोजायला माझी हरकत नाही. पण मोजणारा कोण, असं लोक विचारतात. आणि मोजणारी असली तर जास्तच विचारतात."

घरी येऊन वहीएवढ्या कागदावर तक्ता आखला. आडवे हुकूम, उभे रकाने. दीन, जान, अक्ल, नस्ल, माल. सहावा रकाना काढला पण वाद असल्यामुळे वर नाव घातलं नाही. बावीस हुकूम भरले. एकोणीस बसले. इद्दतीपुढे 'नस्ल'वर आधी खूण केली, मग खोडली. कागद भिंतीवर लावला.

एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढला होता. शिकाऊ मुलीने असं केलं असतं तर मी रागावले असते.

१७ ऑक्टोबर, रविवार

भाभीचा भाऊ फराजभाई आला होता. माहेर शाहूवाडी तालुक्यात, भाताची शेती. नवे तांदूळ आणले. आत जाऊन बहिणीशी तब्येतीचं बोलला, मग बाहेर येऊन अम्माला म्हणाला, पंचवीसला येतो न्यायला. ओळखीत एक जण आहे, लाकडाची वखार आहे, बायको वारली, दोन मुलं. अजून बोलता येत नाही म्हणून बोलत नाही, असं म्हणून सगळं बोलला. दिवस संपले की लगेच.

अम्माने नोकरीचं सांगितलं नाही. मी सांगितलं. फराजभाई हसला. "बावीस म्हंजे दिवसांतच की. मग नोकरी गेलीच." वाईट माणूस नाही. जाताना माझ्यासाठी आणलेली करवंदाच्या लोणच्याची बरणी द्यायची विसरला होता, तेवढ्यासाठी परत आला.

आता परिस्थिती अशी आहे. २२ ला भाभी शाळेत उभी राहिली तर तिच्याकडे नाही म्हणायला काहीतरी असेल. नाहीतर २५ ला ती वखारीकडे जाईल, आणि तिला विचारूनच केलं, असं सगळे म्हणतील.

२४ ऑक्टोबर

अम्मा एका गोष्टीबद्दल कधी बोलत नाही, म्हणून मीही ती इथे लिहिली नव्हती. अब्बा १९७९ मध्ये गेले तेव्हा अम्मा एका प्रसूतिगृहात आया होती. मी चार वर्षांची होते, सिकंदरभाई नऊचा. ती इद्दतीत बसली. दीड महिना त्यांनी वाट बघितली, मग दुसरी आया ठेवली. पुढे अम्माने रजया शिवल्या, लग्नघरात भांडी घासली. माझं डी.एम.एल.टी. त्यातून झालं. तिने स्वतः सोसलेलं ती सुनेला का लावते, हे मला समजत नाही.

९ नोव्हेंबर, मंगळवार

ललिता भाऊबीजेच्या रजेवर आहे. तिची सॅम्पल्सही मीच लावली. चव्वेचाळीस. घरी जायची घाई नव्हती.

येताना शाबान महिन्याचा चांद दिसला. रस्त्यातच उभी राहिले. लक्षात आलं ते असं: अम्माने इंग्रजी महिने मोजले आहेत. हिशेब चांदाचा असतो.

सिकंदरभाई गेला त्या दिवशी रबी-उल-आखर महिन्याची पहिली तारीख होती. म्हणजे चार पूर्ण चांद. ते आज संपले. उद्यापासून शाबान. वर दहा दिवस. इद्दत १९ नोव्हेंबरला, शुक्रवारी सूर्यास्ताला पुरी होते. एकशे अठ्ठावीस दिवस. पंचवीसचा गोल चुकीचा आहे. हाफिजसाहेबांच्या दुकानात जाऊन खात्री केली. त्यांनी बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं आणि म्हणाले, बरोबर आहे.

हेतूच्या वाटेने दोन महिने चालून काही हाती लागलं नव्हतं. साध्या मोजणीने मिळालं. २२ ला ती मोकळी असेल. उद्या सांगते. बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

११ नोव्हेंबर

काल सांगायचं राहिलं, आज सांगितलं. भाभी तांदूळ निवडत होती. तिने ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "हे अजून कुणाला सांगितलंस?"

हाफिजसाहेबांना.

"त्यांना म्हणावं कुणाला बोलू नका." मग, जसं काही मला मोजणी शिकवावी तसं, एकेक बोट दुमडत बोलली. इद्दत एकोणीसला संपली तर फराजभाई वीसला दारात. नोकरी बावीसला. "मधले दोन दिवस मी कुणाच्या आडोशाला बसू, जैतून? आत्ता मला कुणी मागणं घालू शकत न्हाय. मोठ्यानं विचारूसुद्धा शकत न्हाय. चार महिने मला कुणी कायसुद्धा मागितलं न्हाय. लग्न झाल्यापास्नं पहिल्यांदा. ते तू सहा दिवसांनी कमी करायला निघालीस."

मी म्हणाले की मग २२ चं काय.

ती उठून तक्त्यापाशी गेली. इद्दतीच्या ओळीत, सहाव्या रकान्यात उर्दूत काहीतरी लिहिलेलं होतं. कधी लिहिलं कोण जाणे. माझ्या नजरेला ते नक्षीसारखं वाटलं असावं. मला अरबी अक्षरं येतात, उर्दू वाचायची सवय नाही. मीम, हे, लाम, ते. जुळवत बसले. तिने वाचून दाखवलं.

"मोहलत." म्हणजे सवड, उसंत.

नंतर तिने दुसरी गोष्ट सांगितली. जशी सांगितली तशी लिहिते.

"तुझा सुती दुपट्टा मी फाडला."

"कधी?"

"ऑगस्टात."

मला समजायला काही क्षण लागले. लागायला नको होते. तिची पाळी थांबलीच नव्हती. ऑगस्टमध्ये आली, सप्टेंबरमध्ये आली. त्या दिवसांत ती नुसती जानमाजवर, नमाजाच्या चटईवर, बसायची आणि ओठ हलवायची. दुपट्ट्याच्या घड्या अम्मा उठायच्या आत धुवायची.

मी विचारलं, का.

"अम्मा बदाम सोलायची. तेवढा वेळ ती रडायची न्हाय."

पुढे काय बोललो ते लिहीत नाही.

१२ नोव्हेंबर

पट्टी बरोबर होती. पाळी थांबली, हे मीच न विचारता धरून चालले होते. आज लॅबमध्ये दोन रिपोर्ट चुकीच्या पाकिटात घातले. ललिता कालच परत आली आहे, तिने पकडले.

१३ नोव्हेंबर

हाफिजसाहेबांना सगळं सांगितलं, दुपट्टा सोडून. भाभीला काय हवं आहे तेही. दिवस अम्माच्या कॅलेंडरप्रमाणे पंचवीसपर्यंत चालू द्यायचे, आणि बावीसला त्या दिवसांतूनच तिने शाळेत जायचं. याला वाट आहे का?

ते बराच वेळ खळ ढवळत राहिले. मग फळीवरचं एक जाडजूड पुस्तक काढलं. वाट आहे, म्हणाले. सरळ लिहिलेली आहे. विधवा बाई गरजेसाठी, रोजीसाठी दिवसा बाहेर पडू शकते. रात्र मात्र त्याच घरात काढायची.

मी विचारलं, हे तुम्ही सप्टेंबरात का सांगितलं नाहीत.

"तू हेतू विचारलास. वाट विचारली नाहीस," ते म्हणाले. पण माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत.

अम्माला येऊन सांगा, अशी विनंती केली. आणि चांदाचा हिशेब सांगू नका, अशीही. एक सांगायचं, एक नाही. ते म्हणाले, जमातीच्या भीतीने मी पुष्कळदा गप्प बसलो, हे गप्प बसणं कुठल्या रकान्यात घालू? मी म्हणाले, सहाव्या. मग त्यांनी विचारलं, नाव काय दिलंस त्याला. सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला.

१४ नोव्हेंबर, रविवार

हाफिजसाहेब अकराला आले. खुर्ची नको म्हणाले, उंबऱ्याशी बसले. अम्मा भिंतीला टेकून. भाभी पडद्यामागे. पुस्तक सोबत आणलं होतं, पण उघडलं नाही. काल मला जे सांगितलं तेच सांगितलं.

अम्मा म्हणाली, "कवापासनं हाय हे किताबात?"

"पहिल्यापासून, अमीरबी."

"मी बसले तवा बी हुतं?"

"होतं."

"तवा का न्हाई सांगितलंसा?"

रस्त्यावरून तालमीची पोरं फुटबॉल आपटत गेली. मग हाफिजसाहेब म्हणाले की कुणी विचारलं नाही. आणि थोड्या वेळाने, म्हणजे मी तक्त्याकडे बघत होते तेव्हा, म्हणाले की तेही खरं नाही. "मी भ्यालो. सव्वीस वर्षांचा होतो. मशिदीत नवीन होतो."

"मी बी नवीनच हुते की," अम्मा म्हणाली.

ती रागावली नव्हती. आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. हाफिजसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मी चहाला उठले आणि साखर दोनदा घातली.

चहा झाल्यावर अम्मा पडद्याकडे तोंड करून म्हणाली, बावीसला जा. दिवा लागायच्या आत घरात. आणि तारीख पंचवीसच. मी गोल काढलाय, तो मी पुसणार न्हाय.

पडदा हलला तेवढा.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

चांदाच्या हिशेबाने इद्दत आज संध्याकाळी ५.५८ ला संपली. मी आणि भाभीने एकमेकींकडे बघितलं. अम्मा भाकरी थापत होती.

२२ नोव्हेंबर, सोमवार

मी अर्धी रजा घेतली. भाभी पांढरा सलवार-कमीज, वर राखाडी दुपट्टा, हात मोकळे. एकशे तीस दिवस चप्पल घातली नव्हती, ती अंगठ्याला चावली. शाळा वीस मिनिटांवर आहे, तिथे पोहोचायला आम्हाला एकतीस लागली. रिक्षाचा हॉर्न वाजला की ती थांबायची. शाळेच्या फाटकात म्हणाली, आता तू जा.

सचिवांनी हजेरीपत्रकावर सही घेतली, हे मी खिडकीतून बघितलं.

पाच वीसला घरी आली. सूर्यास्ताला अडतीस मिनिटं होती. अम्मा दारातच होती, दारात नाही असं दाखवत.

सकाळी एक गोष्ट झाली ती लिहायची राहिली. अम्माने भाभीचा डबा भरला. भाकरी, वांगं, आणि वरच्या छोट्या डबीत सोललेले बदाम. ओट्यावर दुसरी वाटी होती. मला वाटलं, उद्याचे. अम्मा माझ्याकडे न बघता म्हणाली, "खा की. का तपासून बघायचंय?"

किती होते ते मोजलं नाही.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

लॅबमधून अडीचला घरी आले तर फराजभाई बाहेरच्या खोलीत बसला होता, एकपासून. अम्माने त्याला जेवायला वाढलं होतं, दोनदा चहा दिला होता आणि एक शब्द बोलू दिला नव्हता. त्याने तोंड उघडलं की ती म्हणायची, बसा पावणं. मी आल्यावर त्याला साक्षीदार मिळाला असं वाटलं. तो म्हणाला, आज संपतंय की.

"दिवा लागायचाय अजून," अम्मा म्हणाली. "तवर लगनाचं बोलायचं न्हाय. तिच्याशी न्हाय आन माझ्याशी बी न्हाय. किताबात हाय. इचारा हाफिजसाहेबांस्नी."

भाभी पाचनंतर आली. काखेत वह्यांचा गठ्ठा. त्या तिने भावासमोर ठेवल्या, पाणी प्यायली आणि उभ्यानेच म्हणाली, "भाईजान, मी इथनंच शाळेला जाणार. वखारवाल्याला सांग, बाईला सवड न्हाय. तू ये सुट्टीत. बेचाळीस पोरं हायत, वह्या तपासायला हात लागतील."

फराजभाईने अम्माकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याने वरची वही उचलून उघडली, उलट्या बाजूने, आणि परत ठेवली. साडेसहाची गाडी गाठायला निघाला तेव्हा तांदळाची रिकामी पिशवी अम्माने घडी करून त्याच्या हातात दिली. आतमध्ये डबीभर बदाम होते, असं भाभी नंतर म्हणाली.

दिवा लागल्यावर अम्माने कॅलेंडरचं पान उलटलं नाही. महिना संपायला पाच दिवस आहेत, म्हणाली.

तक्ता अजून भिंतीवर आहे. सहाव्या रकान्यावर नाव घालायचं का, हे हाफिजसाहेबांना विचारायचं होतं. मग मीच 'मोहलत' असं घातलं, मराठीत, भाभीच्या अक्षराच्या वर.

लॅबमध्ये आज दुपारी निघण्यापूर्वी फ्रीज साफ केला. ११७ टाकलं. ललिताने बघितलं. मी ट्यूब धुऊन उलटी घातली. एकशे पस्तीस दिवस झाले होते. नियम सात दिवसांचा आहे.